कोरी वाकळ

पलंगावर ठेवलेल्या कापडाकडं नीलम्मा चार दिवस नुसतीच बघत होती. दोन वार पांढरं मांजरपाट आणि दीड वार तांबडं कापड. बाळाची वाकळ शिवायची होती. मधे पांढरं, भोवतीनं तांबडा काठ आणि चार कोपऱ्यांना चार तांबडी ठिगळं. दोन हात लांब, दीड हात रुंद, एवढीशी ती गोधडी. नीलम्माच्या संसारात आजवर डझनभर मोठ्या वाकळा शिवून झाल्या होत्या, पण तिच्या तोंडचं पाणी पळवलं ते ह्या एवढ्याशा वाकळेनं.

कापड आधी भिजवायचं, का तसंच कोरं शिवायचं, एवढाच प्रश्न होता.

मांजरपाटाच्या टोकाला गिरणीचा निळा छाप होता. पिसारा फुलवलेला मोर आणि त्याखाली कसले तरी आकडे. त्या काळी तागाच्या टोकाला असा छाप असायचाच. छाप ठसठशीत असला की कापड कोरं, हे बायकांना सांगावं लागत नसे. पहिल्या पाण्यात मोर फिका व्हायचा, दुसऱ्या पाण्यात पिसारा जायचा आणि तिसऱ्यात मोरही.

नीलम्माची लेक नंदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, शाहूपुरीतल्या घरी आली होती. आषाढात मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप होती. जावई शिवमूर्ती मुलगी बघायला गडमुडशिंगीहून आला, तेव्हा चहा पिता पिता खाली मान घालून म्हणाला, "आईनं एक निरोप सांगितलाय मामी. बाळाची वाकळ कोऱ्या कापडाची असू दे म्हणाली. छाप दिसला पाहिजे म्हणाली." एवढं बोलताना त्याचे कान लाल झाले. पोरगा गुणी होता. आई तेवढी तिखट.

हा निरोप कुठून आला ते नीलम्माला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नातून.

लग्नात विहिणीच्या मानाचं म्हणून तिनं डाळिंबी रंगाचं इरकली लुगडं घेतलं होतं. तिचं स्वतःचं एक इरकल आदल्याच वर्षी रंग सोडून सगळं अंग लालभडक करून बसलं होतं. विहिणीवर तसा प्रसंग नको, म्हणून नीलम्मानं ते नवं लुगडं मिठाच्या पाण्यात बुडवलं, रंगाचं पाणी निघून जाईपर्यंत खळबळलं, सावलीत वाळवलं आणि हातानं दाबून दाबून घडी घातली. केली ती काळजीच. पण मांडवात गंगव्वानं, म्हणजे विहिणीनं, लुगड्याची घडी दोन बोटांच्या चिमटीत धरली, चोळून बघितली आणि चारचौघींत म्हणाली, "मऊ हाय की ओ लुगडं. आदी कोण नेसलं व्हतं म्हणायचं?"

मांडवातल्या बायका हसल्या. नीलम्माचं तेव्हा जे बोलायचं राहिलं ते राहून गेलं. मग संक्रांत असो, नागपंचमी असो, माहेरून काहीही गेलं की गंगव्वा चिमटीत धरून बघायची. "कोरं हाय न्हवं?" मागच्या दिवाळीला नंदिनी रडली होती. "अव्वा, काय बी दे, नाहीतर काही देऊ नको. पर देशील ते कोरं दे. तुझ्यामागं मला ऐकून घ्यावं लागतंय."

म्हणून ते कापड चार दिवस पलंगावर पडून होतं. पाचव्या दिवशी बयाबाई आली.

बयाबाई उचगावची. घरोघरी जाऊन वाकळा शिवायची. जाड सुया, रिळं आणि एका दांडीला दोरा बांधलेला चष्मा, एवढा तिचा बारदाना. आणि तोंड. ती ओसरीवर पाय पसरून बसली, मांजरपाट हातात घेतलं आणि नाक मुरडलं.

"पाण्यातनं काडलंय का ह्ये?"

"नाही."

"मग मला कशाला बोलीवलंसा? खळ बगा की कशी हाय. सुई मोडंल माजी. आणि मांजरपाट इतभर आटतंय. आतलं जुनं लुगडं हाय तेवडंच ऱ्हाणार, वरचं आटणार. वाकळ न्हाई, वाळल्याली मिरची दिसंल."

"असू दे बयाबाई. तसंच शिव."

बयाबाईनं बोट जिभेला लावलं आणि तांबड्या कापडावर दोनदा घासलं. मग ते बोट नीलम्माच्या नाकासमोर धरलं. बोट कुंकवात बुडवल्यासारखं झालं होतं.

"बगा. आता बोला."

नीलम्मानं बघितलं. चांगलं बघितलं. पुढं किती तरी वर्षं तिला ते बोट आठवायचं. पण त्या घटकेला बोटाच्या पलीकडं तिला लग्नाचा मांडव दिसत होता.

"विहीणबाईंनी सांगितलंय. छाप दिसला पाहिजे."

"आक्का, खुळं लागलंय का तुमास्नी? वाकळंवर ईनबाई झोपणार हाय का? पोर झोपणार. आणि पोर काय द्येव न्हवं एका जागी कोरडं बसाय. मुतंल की."

आतून नीलम्माचे यजमान, पंचाक्षरी, बाहेर आले. पितळी भांड्यांचं दुकान चालवून त्यांना एक सवय लागली होती. कुठलंही भांडण दिसलं की दोघांच्या मधला भाव सांगायचा. "असं करा," ते म्हणाले, "निम्मं भिजवा, निम्मं कोरं ठेवा."

"तुम्ही दुकानात जावा," नीलम्मा म्हणाली.

"आनी वाटेत कुटं भिजू नगासा," बयाबाईनं जोड दिली. "न्हाईतर ईनबाई तुमास्नी बी चोळून बगतील."

ते हसत हसत छत्री घेऊन गेले. नीलम्माला मात्र हसू आलं नाही. "शिव," ती म्हणाली. आणि बयाबाईनं कपाळाला हात लावून सुईत दोरा ओवला.

आठ दिवस वाकळ चालली होती. पहिल्याच दिवशी खळीत अडकून एक सुई मोडली, तेव्हा बयाबाईनं मोडकी सुई नीलम्माच्या पुढ्यात ठेवली आणि दुसरी ओवली. आत नीलम्माचं जुनं मऊ सुती लुगडं घातलं, वर-खाली मांजरपाट, काठाला तांबडं. मुंगीच्या रांगेसारखे टाके. मोर बरोबर एका कोपऱ्याच्या आत, सरळ उभा. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात चिमूटभर साखर घालायची त्यांच्या घरची रीत होती, वाकळेचं पोट रिकामं नको म्हणून. नीलम्मानं साखर घातली. वाकळ देखणी झाली. ती उचलून कपाटात ठेवताना नीलम्माचे तळहात घामेजले होते. तिनं ते आधी पदराला पुसले, मगच वाकळेला हात लावला.

त्या दिवसापासून तिला घरात सगळीकडं पाणी दिसायला लागलं. श्रावण लागला होता, पाऊस खंड म्हणून घेत नव्हता. कौलं गळतात का हे ती दिवसातून चारदा बघायची. कपाटाच्या फळीला हात लावून ओल आहे का चाचपायची. सव्वा महिना भरत आला होता. येत्या मंगळवारी गंगव्वा बैलगाडी घेऊन बाळ-बाळंतिणीला न्यायला येणार होती. सोमवारी त्यांच्याकडं बैलं जुंपत नाहीत, म्हणून मंगळवार. मंगळवारपर्यंत वाकळ कोरडी राहिली म्हणजे झालं, मग पुढचं पुढं. असं ती मनाशी म्हणायची, आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, पुढचं म्हणजे काय गं? पुढं ती पोर त्याच वाकळेवर निजणार आहे की.

शुक्रवारी सकाळी बाळाची अंघोळ झाली. नीलम्मा स्वयंपाकघरात बाळंतिणीसाठी हळिवाची खीर ढवळत होती. इतक्यात आतल्या खोलीतून नंदिनी किंचाळली.

"अव्वा! रक्त! अव्वा!"

हातातला डाव कुठं पडला ते नीलम्माला कळलं नाही. ती धावली. नंदिनीनं बाळाला दोन्ही हातांत उचलून धरलं होतं आणि बाळाची पाठ, ढुंगण, मांड्या, सगळं लालेलाल. तिनं पोरीला ओढून घेतलं, पदरानं पाठ पुसली, पुन्हा पुसली, जखम शोधायला लागली. जखम नव्हती. पोर पाय झाडत होती आणि निवांत जांभई देत होती.

मग तिची नजर पलंगावर गेली. वाकळ पसरलेली होती. बाळ त्यावर कसं दिसतं ते बघावं म्हणून नंदिनीनं ती कपाटातून काढून पोरीला जरा त्यावर ठेवलं होतं. कडेच्या काठावर, आणि तेवढ्यात पोरीनं शू केली होती. पांढऱ्यावर तांबडं पाणी पसरत पसरत मोराच्या पायाशी आलं होतं.

"रंग आहे," नीलम्मा म्हणाली. "रंग आहे गं. रक्त नव्हे."

कोमट पाण्यानं पोरीला धुतलं. तरी पाठीवर गुलाबी झाक राहिलीच. नंदिनी आधी रडली. मग म्हणाली, "कापड भिजवलं नव्हतंस?"

"तुझ्या सासूनं निरोप धाडला होता की..."

"अव्वा, तू वाकळ सासूसाठी शिवलीस का माझ्या पोरीसाठी?"

खीर करपल्याचा वास घरभर सुटला होता. नीलम्मा जाऊन चुलीपाशी बसली आणि करपलेलं पातेलं नुसतं हातात धरून राहिली. लेकीच्या अंगाला बोल लागू नये म्हणून केलं, आणि नातीच्या अंगाला रंग लागला. पाठीवर पुरळ उठलं तर? रंगात काय असतं कुणाला ठाऊक. तोंडात गेला असता तर? दिवसभरात दहा वेळा तिनं पोरीची पाठ उघडून बघितली. दिवेलागणीला गुलाबी झाक गेली, तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घोटभर पाणी उतरलं.

शनिवारी सकाळीच उचगावला निरोप धाडून तिनं बयाबाईला बोलावून घेतलं. बयाबाई काहीतरी लागेलसं बोलेल म्हणून ती मनाची तयारी करून बसली होती. पण बयाबाईनं वाकळ बघितली, बाळाकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "कातर द्या."

दोघींनी मिळून सगळी वाकळ उसवली. आठ दिवसांचे टाके दोन तासांत सुटले. कापडं पाण्यात घालायच्या आधी नीलम्मा थांबली. मग तिनं कातर घेतली आणि मांजरपाटाचा छापाचा तुकडा, चार बोटं रुंद, वेगळा कापून काढला.

"ह्ये कशाला?" बयाबाईनं विचारलं.

"पुरावा," नीलम्मा म्हणाली. "कापड कोरंच घेतलं होतं म्हणून दाखवायला."

"अवगड हाय तुमचं," बयाबाई म्हणाली.

तांबडं कापड मिठाच्या पाण्यात घातलं. बादली बघवत नव्हती. दुसरं पाणी तसंच, तिसरं तसंच. चौथ्याला तुरटी फिरवली. प्रत्येक पाण्यात नीलम्मा हात बुडवून वर काढायची आणि ओंजळीतल्या पाण्याचा रंग उजेडाला धरून बघायची. सातव्या पाण्यात पाणी पाण्यासारखं दिसलं. मांजरपाटावरचा डाग साबण लावून, घासून घासून निघाला, खळ गेली, आणि कापड खरोखरच वीतभर आटलं. त्या आटलेल्या कापडाकडं बघून तिला वाटलं, आठवड्याभरात आपलंही असंच झालंय.

आता ते वाळायचं कसं? बाहेर पाऊस. बाळाची लंगोटी-टोपरी वाळवायला शेगडीवर बांबूचं डालं पालथं घातलेलं असायचं. त्याच डाल्यावर रविवारी दिवसभर ती कापडं आलटून पालटून पसरली. पंचाक्षरींनी स्वतः निखारे पुरवले. मधला भाव सांगितला नाही. मंगळवार अजून दूर होता. खळ गेल्यानं सुई आता भराभर चालणार, सोमवारी दिवसभर दोघींनी मोठे टाके घातले तर होईल, कडा थोड्या उरल्या तर मंगळवारी सकाळी. सोमवारी तर गंगव्वाकडचं कुणीच हलत नाही. नीलम्मानं बोटांवर मोजून बघितलं.

सोमवारी दुपारी बाराच्या सुमाराला दाराशी आवाज आला. "यव्वा, कोन हाय का घरात?"

दारात गंगव्वा उभी. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात गाठोडं, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

"विहीणबाई!" नीलम्मा कशीबशी उठली. "आज? आज सोमवार..."

"म्हणूनच आले की. बैलं दावणीला, रानात काम न्हाई. म्हटलं, घरात बसून काय करू, नातीचं तोंड बघावं, हितंच वस्ती करावी. एस्टीनं आले. गाडी उद्या शिवमूर्ती आणंल." पाय धुवून ती आत आली, बाळाला घेऊन बसली. पोरीच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली. मग तिची नजर ओसरीवर गेली. बयाबाई, सुई, अर्धी शिवलेली वाकळ. छाप कुठंच नाही.

तिनं हात लांब केला. कापडाची कड दोन बोटांच्या चिमटीत धरली आणि चोळली.

"मऊ हाय," गंगव्वा म्हणाली.

नीलम्माला मांडव आठवला, हसणाऱ्या बायका आठवल्या. पण ह्या खेपेला तिच्या डोळ्यांपुढं आणखी एक गोष्ट होती, लालेलाल झालेली इवलीशी पाठ. ती खाली बसली आणि बोलायला लागली. आधी कोरी शिवली ते सांगितलं. पोर भिजली ते सांगितलं. सात पाणी सांगितली. आणि एकदा सुरू झाल्यावर तिला थांबताच येईना. "आणि ते लुगडंही कुणी नेसलेलं नव्हतं, विहीणबाई. मी भिजवलं होतं. रंग तुमच्या अंगाला लागू नये म्हणून मिठात घातलं होतं. कोरं होतं ते. देवाशप्पत कोरं होतं."

गंगव्वानं चिमटीतली कड सोडली. "मग तवाच का बोलला न्हाईसा?"

"तुमी बोलू दिलं असतंसा व्हय?" ओसरीवरून बयाबाई म्हणाली.

"ही कोन?"

"मी वाकळवाली. माजी सुई मोडली तुमच्या मोरापायी."

नीलम्माला वाटलं, आता संपलं. नंदिनी दारात उभी राहून पदराचं टोक चावत होती. पण गंगव्वानं आपलं गाठोडं पुढं ओढलं, गाठ सोडली आणि एक घडी काढून बाळाच्या शेजारी टाकली. बाळाचीच वाकळ होती. गावठी, जाड टाक्यांची, चौकोनी. नंदिनी पुढं आली, वाकली.

"आत्ती, हे... हे लग्नातलं इरकल!"

"व्हय. मग?" गंगव्वाचा आवाज चढला, जणू चोरीचा आळ तिच्यावरच आला होता. "पेटीतली बाकीची समदी काडली. एकेक भिजवून बगितलं. समदी रंग सोडत्यात. तेवडं ह्येच एक सोडत न्हवतं. पोरीच्या अंगाखाली काय घालू मग? आणि मऊ बी हुतं." तिनं वाकळेची घडी सारखी केली. "नेसले न्हवते मी. एकदा बी."

नीलम्मानं हात पुढं केला. डाळिंबी कापड दोन बोटांत धरलं. तीन वर्षांपूर्वी आपल्या हातानं खळबळलेलं. ते चोळून तिनं नकळत बोटं उजेडाला धरली. बोटं स्वच्छ होती.

"मग ही कशाला शिवायची?" बयाबाईनं सुई थांबवून विचारलं. "एक हाय की तयार."

"ती घरात वापराया," गंगव्वा म्हणाली. "ही लोकांस्नी दावाया. बुधवारी भावकीतल्या बायका येनार हायत बघाय. माहेरची वाकळ कुटाय म्हटलं तर मी काय दावू? छाप न्हवता व्हय कापडाला?"

नीलम्मा उठली आणि कपाटातून तो चार बोटांचा तुकडा घेऊन आली. निळा मोर, पिसाऱ्यासकट. गंगव्वानं तो हातात घेऊन नीट बघितला आणि पहिल्यांदाच हसली. "कापून ठेवला हुतासा? लई पोचल्याल्या हायसा ओ तुमी!" मग तो तुकडा तिनं वाकळेच्या कोपऱ्यावर ठेवला. "हितं लाव गं. वरनं. दिसंल असा."

"एका पाण्यात उडंल की त्यो," बयाबाई म्हणाली.

"उडू दे. बुधवारपतोर टिकला की झालं."

संध्याकाळी पंचाक्षरी दुकानातून आले, तेव्हा वाकळेच्या एका कडेला बयाबाई आणि दुसऱ्या कडेला गंगव्वा, दोघी टाके घालत होत्या आणि कुणाचा टाका मोठा यावरून भांडत होत्या. नीलम्मा बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. शेवटच्या कोपऱ्यात तिनं साखर घातली. आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून बोट ओलं करून तांबड्या काठावर घासलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

दिवाळीला नंदिनी माहेरी आली, तेव्हा नीलम्मानं आधी नातीला घेतलं आणि मग वाकळ हातात घेतली. मोराच्या जागी निळसर ढग राहिला होता. तांबडं तांबडंच होतं, आणि त्याला लागून असलेलं पांढरं पांढरंच.

"आत्तींनी एक निरोप दिलाय," नंदिनी म्हणाली. "दिवाळीचं लुगडं देणार असशीला तर भिजवून द्या म्हणाल्या."

नीलम्मानं वाकळ खाली ठेवली. "टोमणा मारून म्हणाल्या, का खरंच?"

"मला काय ठाऊक? त्या सगळं एकाच आवाजात बोलत्यात."

नवं लुगडं पलंगावर होतं, कोरं, कडक, घडी न मोडलेलं. नीलम्मानं सकाळभर त्याच्याकडं बघितलं. मग न्हाणीत बादली भरली, मूठभर मीठ टाकलं, जरा विचार करून आणखी मूठभर टाकलं, आणि लुगडं पाण्यात सोडलं.